इसब, व्यक्ती आणि परिसर
बारामती-इंदापूर भागातील जुनाट त्वचारोग व होमिओपाथीची व्यक्तिनिष्ठ चिकित्सा : एक ऐतिहासिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वारंवार उलटणारा इसब हा रोग मृत्यूच्या नोंदीत येत नाही, म्हणून इतिहासकाराच्या दृष्टीसही सहसा पडत नाही. पटकी, प्लेग व देवी यांचा इतिहास लिहिला गेला. परंतु वर्षानुवर्षे अंग खाजवीत शेतावर काम करणाऱ्या माणसाच्या व्याधीचा मागोवा क्वचितच घेतला गेला. अशा व्याधीचा इतिहास दोन अंगांनी पाहावा लागतो. एक अंग वैद्यकातील कल्पनांचे, म्हणजे रोग कोठून येतो व तो कोणाचा मानावयाचा याविषयीच्या मतांचे; दुसरे अंग भूमीचे, म्हणजे माणूस ज्या जमिनीवर राबतो तिच्यात झालेल्या पालटांचे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात ही दोन्ही अंगे एकमेकांस येऊन भिडतात.

हा मूळचा अवर्षणग्रस्त प्रदेश होय. १८७६-७८ च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले व १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी या भागात खेळू लागले. भाटघरचे धरण, १९२८ च्या सुमारास पुरे झालेले लॉइड धरण, वालचंदनगरची कारखानदारी, स्वातंत्र्यानंतर उभे राहिलेले सहकारी साखर कारखाने आणि १९८० साली भीमेवर पुरे झालेले उजनी धरण या टप्प्यांनी कोरडवाहू जमिनीच्या बाजूस बागायती पट्टा वाढत गेला. आजही या तालुक्यांत ‘बागायत’ व ‘जिरायत’ हे शब्द केवळ शेतीचे प्रकार दर्शवीत नाहीत. ते दोन निराळी जीवने दर्शवितात. कालव्याचे काठ, पाटांच्या कडा, रस्त्यांच्या बाजू, पडीक राने आणि बांध हा या नव्या भूरचनेचा अटळ भाग होता. पुढील विवेचनात या कडांना महत्त्व येणार आहे.

याच भूप्रदेशात, विशेषतः खेडोपाडी, इसबाचा रोगी अनेकदा होमिओपाथीच्या वैद्याकडे जातो. या पद्धतीचा विशेष दावा असा की, ती रोगास औषध देत नाही, रोग्यास देते. प्रत्येक रोग्याची प्रकृती निराळी असल्यामुळे प्रत्येकाचे औषधही निराळे. या व्यक्तिनिष्ठेचा उगम कोठे झाला, तिने काय साधले व तिच्या दृष्टीतून काय निसटले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२. खरूज, इसब आणि ‘सोरा’

मराठीत खरूज, नायटा, गजकर्ण व इसब असे निरनिराळे शब्द आहेत आणि लोकव्यवहारात त्यांचा भेदही बराचसा पाळला जातो. संस्कृत वैद्यकात चरकाने विचर्चिकेची गणना अकरा क्षुद्रकुष्ठांत केली असून इसबाशी तिचा मेळ घालण्याची प्रथा आहे. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मात्र खाज सुटणाऱ्या अनेक पुरळांना एकाच व्यापक नावाखाली घालण्याकडे कल होता. विलन याने १८०८ च्या सुमारास त्वचारोगांचे दृश्य लक्षणांवरून वर्गीकरण केले, त्या वेळी इसबास स्वतंत्र स्थान मिळू लागले.

होमिओपाथीचा प्रवर्तक सॅम्युएल हानेमान (१७५५-१८४३) हा या संक्रमणकाळातील वैद्य होय. १७९० साली सिंकोनाच्या सालीचा त्याने स्वतःवर केलेला प्रयोग, १८१० साली प्रसिद्ध झालेला ‘ऑर्गनॉन’ आणि १८२८ पासून खंडशः निघालेला जुनाट रोगांवरील ग्रंथ हे त्याच्या विचाराचे तीन मुक्काम मानता येतील. पहिल्या दोहोंत समचिकित्सेचे तत्त्व मांडले गेले. तिसऱ्यात त्याने स्वतःच्याच अनुभवातील एका अडचणीस तोंड दिले : योग्य औषधाने बरे वाटलेले रोगी पुन्हा पुन्हा का आजारी पडतात? त्याचे उत्तर असे की, बहुतेक जुनाट रोगांच्या मुळाशी ‘सोरा’ नावाचा एक विषार असतो. ‘सोरा’ हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ खाज. अंगावर उठलेली खरूज मलमांनी दाबली की हा विषार आत शिरतो आणि पुढे दमा, संधिवात, मनोविकार अशा नाना रूपांनी प्रकट होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. यामुळे या पद्धतीत त्वचेवरील पुरळास अपूर्व महत्त्व आले. पुरळ हा शत्रू न राहता आतील रोगाचा दूत ठरला, आणि त्यास मलमाने गप्प बसविणे हे पाप ठरले.

विलक्षण योगायोग असा की, याच सुमारास खरजेचे खरे कारण सर्वमान्य होत होते. बोनोमो व चेस्तोनी यांनी १६८७ सालीच खरजेचा किडा वर्णिला होता. परंतु १८३४ साली पॅरिस येथे रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने तो रोग्याच्या त्वचेतून काढून दाखविला, तेव्हा शंकेस जागा उरली नाही. पुढे १८४४ साली व्हिएन्ना येथे हेब्रा याने खरजेवरील आपला निबंध प्रसिद्ध करून खरूज ही किड्यामुळे होते व किडा मारल्याने जाते हे ठसविले. खरजेपुरती ‘सोरा’ची कल्पना येथे संपली. इसबापुरती ती टिकून राहिली, कारण इसबाचे असे एकच दृश्य कारण कोणासही दाखविता येत नव्हते.

३. व्यक्तिनिष्ठेची रीत

‘ऑर्गनॉन’मधील ८३ ते १०४ या परिच्छेदांत रोग्याची हकिकत कशी घ्यावी याचे मार्गदर्शन आहे. वैद्याने रोग्यास मध्येच तोडू नये, होकार-नकारात उत्तर देता येईल असे प्रश्न विचारू नयेत, आप्तेष्टांचे म्हणणे ऐकावे, रोग्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, असे नियम त्यात सापडतात. त्या काळी रक्तस्राव, रेचके व पाऱ्याचे प्रयोग करणाऱ्या वैद्यकाच्या पार्श्वभूमीवर हे नियम किती निराळे होते हे सहज ध्यानात येते. होमिओपाथीला लाभलेल्या लोकप्रियतेचा मोठा वाटा या ऐकून घेण्याकडे जातो, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य केले आहे.

या रीतीने इसबाच्या रोग्यास विचारले जाते : खाज केव्हा वाढते? उष्णतेने की थंडीने? स्नानानंतर की अंथरुणात? स्राव पातळ की मधासारखा चिकट? उत्तरांप्रमाणे औषध ठरते. अंथरुणाच्या उबेने व धुण्याने वाढणाऱ्या खाजेस गंधक, कानामागे व सांध्यांच्या घड्यांत भेगा पडून चिकट स्राव येत असल्यास ग्रॅफाइटिस, हिवाळ्यात फुटणाऱ्या त्वचेस पेट्रोलियम, दमट हवेत उठणाऱ्या बारीक फोडांस ऱ्हस टॉक्स, असे ठोकताळे या पद्धतीच्या ग्रंथांत आढळतात.

यातील शेवटचे उदाहरण मननीय आहे. ऱ्हस टॉक्स म्हणजे अमेरिकेतील विषारी वेल; तिच्या स्पर्शाने कातडीवर फोड येतात, म्हणूनच समचिकित्सेने ती तशाच फोडांवर योजिली. तिच्याच कुळातील बिब्बा महाराष्ट्रास परिचित आहे आणि त्यासही हानेमानच्या जुनाट रोगांवरील ग्रंथात स्थान मिळालेले आहे. बिब्बा उततो, परंतु सर्वांस सारखा उतत नाही. एकाचे अंग सुजते, दुसऱ्यास काहीच होत नाही, हे येथील खेडुतास कोणत्याही शास्त्राविना ठाऊक होते. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या कपड्यांवर धोब्यांनी बिब्ब्याने घातलेल्या खुणांमुळे त्यांना त्वचादाह झाल्याचे १९४३ साली वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. व्यक्तिभेद ही वस्तुस्थिती आहे, हे यावरून स्पष्ट होते. वाद आहे तो त्या भेदाचा अर्थ कसा लावावयाचा याविषयी.

अर्थ लावण्याची दुसरी एक रीत १८९५ साली यादासोन याने मांडली. संशयित पदार्थ रोग्याच्या कातडीवर पट्टीखाली ठेवून एकदोन दिवसांनी तेथे दाह उठतो की नाही हे पाहावयाचे, ही ती रीत. आज ती पॅच टेस्ट या नावाने ओळखली जाते. हीदेखील प्रत्येक रोग्यापुरती, म्हणजे पूर्ण अर्थाने व्यक्तिनिष्ठ परीक्षा होय. हानेमानची रीत व्यक्तीस तिच्या प्रकृतीविषयी विचारते; यादासोनची रीत व्यक्तीच्या त्वचेस तिच्या परिसराविषयी विचारते.

४. भारतातील व महाराष्ट्रातील मार्ग

१८३९ साली होनिगबर्गर या वैद्याने लाहोर येथे महाराजा रणजितसिंहावर उपचार केले, तेथपासून भारतातील होमिओपाथीचा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. १८६७ साली कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी या पद्धतीचा जाहीर स्वीकार केला आणि बंगाल हे तिचे मुख्य पीठ बनले. पश्चिम किनाऱ्यावर १८८० साली फादर म्युलर यांनी मंगळूरजवळ कंकनाडी येथे गरिबांसाठी होमिओपाथी औषधालय काढले. शाबुदाण्याएवढ्या गोळ्या व लहानशी पेटी, इतक्या सामग्रीवर चालणारी ही पद्धती शाळामास्तर, कारकून व निवृत्त नोकरदार यांच्या हातून गावोगाव पोहोचली, यात नवल नाही.

मुंबई इलाख्यात १९३८ च्या कायद्याने वैद्य व हकीम यांच्या नोंदणीस आरंभ झाला. होमिओपाथीसाठी द्विभाषिक मुंबई राज्याने केलेला १९५९ चा कायदा निर्णायक ठरला. १९७३ साली केंद्रीय परिषदेचा कायदा झाला, १९९८ साली नाशिक येथे आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन राज्यातील होमिओपाथी महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली, आणि २०२० साली केंद्रीय परिषदेची जागा राष्ट्रीय आयोगाने घेण्याचा कायदा संमत झाला. २०१४ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती करून आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्या होमिओपाथांस मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची वाट मोकळी केली; तिच्यावरून वैद्यक संघटनांत तीव्र वाद झाला. या सर्व घटनांचा ग्रामीण रोग्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच की, खेड्यात त्यास प्रथम भेटणारा पदवीधर डॉक्टर पुष्कळदा होमिओपाथ असतो. म्हणून या पद्धतीची हकिकत घेण्याची रीत हा केवळ तिच्या अनुयायांचा खाजगी विषय राहत नाही.

५. कडांवरचे गवत

१९५५ साली पुणे येथे कचऱ्याच्या ढिगांवर एक अपरिचित वनस्पती उगवलेली दिसली. गाजरासारखी पाने, पांढरी बारीक फुले असे तिचे रूप. मूळची उष्ण अमेरिकेतील ही पार्थेनियम हिस्टरोफोरस होय, अशी नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. लोकांनी तिला गाजर गवत, चटकचांदणी व काँग्रेस गवत अशी नावे दिली.

ही वनस्पती पी. एल. ४८० करारान्वये आलेल्या अमेरिकन गव्हातून आली, हा समज सार्वत्रिक आहे. परंतु भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यातील झाडे त्यापूर्वीची आहेत. १९५१ साली अमेरिकेने भारतास धान्यासाठी कर्ज दिले होते, त्यामुळे परदेशी धान्याबरोबर बी आले असण्याची शक्यता यामुळे सर्वस्वी नाहीशी होत नाही. मात्र रॉक्सबर्गच्या १८१४ सालच्या कलकत्ता वनस्पतिउद्यानाच्या यादीत तिचे नाव आढळते, आणि १८८० च्या सुमाराचा एक वाळविलेला नमुनाही डेहराडून येथे उपलब्ध आहे. तेव्हा वनस्पती देशात पूर्वीच शिरली होती आणि १९५५ नंतर तिचा स्फोटक प्रसार झाला, एवढे म्हणणे पुराव्यास धरून होईल. रोगाचा दोष एखाद्या परकीय करारावर टाकणे सोपे असते. प्रसार कोणी व कसा घडवून आणला हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

प्रसाराची साधने साधीच होती. एका झाडापासून हजारो बिया होतात. वारा, पाटाचे पाणी, वाहनांची चाके, वाळू आणि शेणखत यांच्याबरोबर त्या जातात. उगवणीपासून महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येते. जनावरे ते सहसा खात नाहीत. कालवा, रस्ता, बांध व पडीक रान यांनी रेखलेल्या भूमीला याहून अनुरूप तण मिळाले नसते. बागायतीने या तालुक्यांना ऊस दिला. तिनेच वाढविलेल्या ओलसर कडांवर हे गवतही पोसले गेले.

१९६८ साली पुण्यातील लोणकर व जोग यांनी या वनस्पतीमुळे झालेल्या त्वचादाहाची नोंद प्रसिद्ध केली. १९७४ साली लोणकर, मिचेल व कॅलनन यांचा निबंध आला. १९७६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रसायनज्ञांसह लोणकरांनी तिच्यातील प्रतिजनाविषयी संशोधन प्रसिद्ध केले. पार्थेनिन हे त्यातील मुख्य द्रव्य पानाफुलांवरील सूक्ष्म लवेत असते. वाळलेल्या झाडाचा चुरा हवेतून उडून पापण्या, मान, कोपराची घडी अशा ठिकाणी बसतो. प्रथम संपर्कात काहीच होत नाही. काही व्यक्तींचे शरीर कालांतराने त्या द्रव्यास संवेदनशील बनते आणि त्यानंतर प्रत्येक संपर्काने, एकदोन दिवसांच्या अंतराने, दाह उठतो. उन्हाळा-पावसाळ्यात तो वाढतो व थंडीत ओसरतो. पुढे पुढे काही रोग्यांत बारमाही होतो.

६. एका उत्तराचे दोन अर्थ

आता वैद्यासमोर बसलेल्या अशा रोग्याची कल्पना करावी. त्यास विचारले असता तो सांगेल : “पावसाळ्यात वाढतं, उन्हात गेलं की आग होते, हिवाळ्यात बरं असतं, मान, पापण्या आणि कोपराच्या घड्या जास्त धरतात.” ही हकिकत होमिओपाथीच्या नियमाप्रमाणे उत्तम होय, कारण तीत वाढीची व उताराची कारणे व स्थाने सर्व आली आहेत. वैद्य या उत्तरातून औषध निवडतो. पावसाळा हे रोग्याच्या प्रकृतीचे लक्षण बनते. परंतु त्याच उत्तराचा दुसरा अर्थ असा की, पावसाने बांधावरचे गवत वाढते. तेथे पावसाळा हे शेताचे लक्षण असते. प्रश्न एकच, उत्तरही एकच. पहिल्या वाचनात ते व्यक्तीच्या आत वळते, दुसऱ्यात बाहेर.

दाह उशिरा उठत असल्यामुळे रोगी आपण होऊन गवताचे नाव घेत नाही. शिवाय ज्या बांधावर दहाजण बसतात त्यांपैकी एकासच रोग होतो. तेव्हा “दोष माझ्याच रक्तात” असे त्यास वाटणे स्वाभाविक आहे. प्रकृतीवर भर देणारी चिकित्सा या समजास शास्त्राचे रूप देते. खुरपणी कोण करते, वाळलेले तण कोठे पेटविले जाते, घराच्या मागे काय उगवले आहे, हे प्रश्न मात्र विचारावयाचे राहून जातात.

७. गुण आल्याचा पुरावा

ज्या रोगाचा स्वभावच चढ-उताराचा आहे, त्यात गुण आल्याचे श्रेय देणे फार जपून करावे लागते. रोगी दाह अगदी असह्य झाला म्हणजे वैद्याकडे जातो; म्हणजे बहुधा भाद्रपद-आश्विनात. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत थंडी पडते आणि पुरळ उतरते. दिलेले औषध कोणतेही असो, यश त्याच्या पदरी पडते. आषाढात रोग उलटला की तो नव्याने आला असे मानले जाते व नवे औषध शोधले जाते. अशा रीतीने वैद्य व रोगी दोघेही प्रामाणिक असूनही वर्षानुवर्षे चुकीचा निष्कर्ष दृढ होऊ शकतो.

तुलनात्मक परीक्षांचा कौलही याच दिशेचा आहे. लहान मुलांच्या इसबाबाबत जर्मनीत विट व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात (२००९) बारा महिन्यांनंतर होमिओपाथी व रूढ उपचार यांच्या फलात भेद आढळला नाही. मात्र त्यात रोग्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. इसबावरील नियंत्रित परीक्षांचा अर्न्स्ट यांनी २०१२ साली घेतलेला आढावा होमिओपाथीस अनुकूल नव्हता. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने कोणत्याही रोगात तिच्या गुणाचा विश्वसनीय पुरावा नाही असा निष्कर्ष काढला.

तथापि दुसऱ्या पक्षाचा इतिहासही निर्दोष नाही. १९५२ साली सुल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोनचा त्वचेवरील उपयोग दाखवून दिला, आणि इसबाच्या उपचारात क्रांती झाली. परंतु पुढे तीव्र स्टिरॉइड मलमे दुकानातून सहज मिळू लागली. त्यांच्या अनिर्बंध वापराने कातडी पातळ होणे व मलम थांबविताच रोग उसळणे हे प्रकार वाढले. २०१८ साली केंद्र शासनाने अशा अनेक मलमांच्या विनाचिठ्ठी विक्रीस आळा घातला. मलमाने रोग दबतो, जात नाही, ही खेड्यातील भावना या अनुभवातून आली आहे. ती ‘सोरा’ची सिद्धता नव्हे, पण तिला आधार देणारा अनुभव खरा होता. मलम आणि गोळी या दोहोंच्या चिठ्ठीत बांधावरच्या गवताचा उल्लेख नसेल, तर दोहोंचा परिणाम पुढच्या पावसाळ्यापुरताच.

८. समारोप

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, या उणिवेवरचा उपाय हानेमानच्या ग्रंथातच लिहिलेला आहे. ‘ऑर्गनॉन’च्या सातव्या परिच्छेदाच्या टीपेत तो सांगतो की, रोगाचे उघड बाह्य कारण असेल तर समंजस वैद्य प्रथम ते दूर करील, आणि उदाहरण देतो ते खोलीतील उग्र वासाच्या फुलांचे व डोळ्यात गेलेल्या कणाचे. ७७ व्या परिच्छेदात तर, टाळता येण्याजोग्या उपद्रवी गोष्टींशी सतत संपर्क राहिल्याने होणाऱ्या रोगांस जुनाट म्हणणेच त्याने अयोग्य ठरविले आहे. ते कारण गेले व दुसरा जुनाट विषार शरीरात नसला, म्हणजे असे रोग आपोआप बरे होतात, असे त्याचे मत होते. या व्याख्येनुसार गाजर गवताचा इसब ‘सोरा’च्या कक्षेत येतच नाही. आयुर्वेदातील निदानपरिवर्जनाचे तत्त्वही हेच सांगते. तिन्ही परंपरा या एका मुद्द्यावर एकत्र येतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र हा मुद्दा औषधाच्या निवडीखाली झाकला गेला.

अर्थात कारण समजले म्हणजे ते दूर झाले असे नाही. ज्याचे पोट शेतावर आहे त्यास शेत टाळण्याचा सल्ला देता येत नाही. १९८४ साली बंगळूर येथे सोडलेला मेक्सिकन भुंगा, फुलावर येण्यापूर्वी तण उपटणे, हात-मान झाकून काम करणे हे उपाय उपयोगी पडले, तरी पडीक कडा एकट्या शेतकऱ्याच्या मालकीच्या नसतात. त्या पाटबंधारे खात्याच्या, रस्त्याच्या व गावाच्या असतात. येथे एका माणसाच्या त्वचेचा रोग सार्वजनिक व्यवस्थेचा विषय होतो.

सारांश, जुनाट इसबात व्यक्तीस महत्त्व द्यावे ही होमिओपाथीची भूमिका तत्त्वतः चुकीची नव्हती. तिने व्यक्तीची जी सीमा आखली ती अपुरी होती. नीरा कालव्याच्या काठी राबणारा माणूस त्याच्या कातडीपाशी संपत नाही. त्याचा बांध, त्याचे खुरपे, त्याच्या दारातील वाळलेले तण हीही त्याच्या हकिकतीची कलमे होत. हकिकत टिपणारा वैद्य कोणत्याही पद्धतीचा असो, “तुमच्या शेताच्या कडेला काय उगवलं आहे?” हा प्रश्न त्याच्या कागदावर आला नाही, तोवर ती हकिकत पुरी झाली असे म्हणता येणार नाही.